सावडीनें सुटी : आंबोलीचें अरण्य आणि वेंगुर्ल्याचा समुद्र

शेतकऱ्यास सुटी नसते, हें वाक्य आपल्या निमगांव केतकीच्या पंचक्रोशींत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं, त्यांत खरें किती हें तपासण्याचें कोणास सुचत नाहीं. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर येथें आपण जातोंच; तेव्हां गुरें उपाशीं राहत नाहींत. परंतु देवदर्शनाचें निमित्त नसतां, मुलाबाळांसह अरण्य व समुद्र पाहण्यास जावयाचें म्हटलें कीं, पाणीपाळी, गाईंच्या धारा आणि डाळिंबाची फवारणी आडवी येते. गेल्या दिवाळींत आम्हीं ही अडचण सावडीनें सोडविली, म्हणून तो वृत्तांत आमच्या बांधवांपुढें ठेवीत आहों.

सावड आपणांस नवी नाहीं. पेरणीस बैल आणि मळणीस माणसें जशीं आपण आळीपाळीनें देतों, तशीच दोन घरांनीं सुटीचीहि सावड करावी. भाऊबिजेनंतर आम्ही सहा दिवस गेलों. शेजाऱ्यांनीं आमच्या गाई, पानमळा आणि पाण्याची पाळी सांभाळली. नव्या हातास गाय पान्हा चोरते, म्हणून आधीं पंधरा दिवस त्यांच्या मुलास आमच्या गोठ्यांत धारेस बसविलें होतें. दिवाळी निवडण्याचें कारण असें कीं, रब्बी ज्वारीचा पेरा उरकलेला असतो, शाळा बंद असतात, अरण्य पावसानें हिरवें असतें व समुद्र निवळूं लागलेला असतो. पावसाळ्यांत आंबोलीस धबधबे अपार, पण जळवाहि तितक्याच. आणि त्या दिवसांत समुद्रांत उतरणें म्हणजे जिवाशीं खेळ.

बारामती, फलटण, सातारा या मार्गानें कोल्हापुरास मुक्काम करून, दुसऱ्या दिवशीं आजऱ्यावरून आम्ही आंबोलीस पोंचलों. इंदापूर तालुक्यांत वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर आपण देवापुढें नारळ फोडतों. आंबोलीस तो ७००० मिलिमीटरांच्या आसपास पडतो. बुंध्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि त्यांवरून चढत गेलेल्या वेली, असा तेथील प्रकार. माझ्या आईनें एका झाडास हात लावून विचारलें, “ह्यांना पाणी कोण देतं रे?” जन्मभर दारें धरलेल्या बाईचा हा प्रश्न हंसण्याजोगा नव्हता.

पानमळेवाल्यांनीं तर हें अरण्य अवश्य पाहावें. नागवेल ही मूळची मलायाकडील दमट अरण्यांतील मानली जाते. शेवरी, हादगा, पांगारा लावून तिला सावली, आधार व ओलावा आपण देतों, म्हणजे कोरड्या मुलुखांत अरण्याचा एक तुकडाच उभा करतों. तिचीच बहीण जी मिरवेल, ती घाट उतरल्यावर कोंकणच्या बागांत पोफळीवर चढलेली दिसते. दोहोंचीं पानें शेजारीं धरून मुलांना दाखविलीं, तेव्हां पुस्तकांतील ‘कूळ’ या शब्दाचा अर्थ त्यांना एका क्षणांत कळला.

हिरण्यकेशीचा उगम आंबोलीसच आहे. ती पूर्वेस वाहत घटप्रभेस व तिच्यासह कृष्णेस मिळते; आपली नीरा भीमेंतून अखेर त्याच कृष्णेंत जाते. उगमाच्या कुंडांत सांपडलेली एक लहानशी मासळी २०२० सालीं शास्त्रास नवीन ठरली, तिला नदीचेंच नांव मिळालें, आणि २०२१ सालीं ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाली. तेथें पाण्यांत हात घालूं नये. शेकरू व धनेश पाहावयाचे तर पहांटे वाटाड्यासह निघून मुकाट्यानें चालावें. आमचीं मुलें पहिल्या दिवशीं बडबडलीं आणि त्यांना कांहींच दिसलें नाहीं. गवा मात्र संध्याकाळीं रस्त्याकडेलाच उभा होता. आपण गुरांत वाढलेलीं माणसें, हाकलला तर जाईल असें वाटतें. पण पूर्ण वाढलेला नर हजार किलोंच्या घरांत भरतो, आणि एकटा असला तर त्याचा मुळींच भरंवसा नाहीं. गाडींतच बसून राहावें. (आजऱ्याकडील ऊसवाल्यांस गव्याचें कौतुक सांगूं नये, त्यांचा ऊस तो खातो.)

आंबोलीहून सावंतवाडी सुमारें ३० किलोमीटर, व तेथून जवळजवळ तितकेंच अंतर वेंगुर्ल्यास. आतां समुद्राविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण पूर्वीं एकदां कोंकणच्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर माझा भाचा आमच्या डोळ्यांदेखत ओढला गेला होता. विहिरींत वरून मुटका मारणारा, भरल्या कालव्यांत पोहणारा पोर. तोच आत्मविश्वास त्याला नडला. विहिरीचें पाणी उभें असतें, कालव्याचें एकाच दिशेनें जातें. समुद्रांत लाटांनीं किनाऱ्याकडे आणलेलें पाणी एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें परत जातें, आणि ती वाट वरून शांत दिसते. तो किनाऱ्याकडे हात मारीत दमला. एका कोळ्यानें ओरडून त्याला आडवें, म्हणजे किनाऱ्यास समांतर, पोहावयास लावलें, म्हणून तो आज आमच्यांत आहे. ओढींत सांपडल्यास तिच्याशीं झुंजूं नये. आडवें पोहून तिच्याबाहेर पडावें व मग वळावें. ओहोटी लागल्यावर पाण्यांत शिरूंच नये.

भरतीची वेळ काढण्यास मुंबईकडील कोळ्यांचा आडाखा सोपा आहे : पक्षाच्या तिथीस पाऊणानें गुणावें, चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती. वेंगुर्ल्यास त्यांत फरक पडतो, म्हणून स्थानिक माणसास विचारावें. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें, अष्टमीस भांग. लहान मुलें बरोबर असल्यास अष्टमीच्या आगेंमागें जाणें बरें.

आणखी एक गोष्ट पुरुषवाचकांस सांगावयाची आहे. शिधा व स्टोव्ह बरोबर घेऊन निघणें काटकसरीचें खरें, पण मग घरच्या स्त्रियांस समुद्र दिसतो तो पोळ्या लाटतां लाटतां. आम्हीं दोन्हीं ठिकाणीं घरगुती खानावळींत जेवलों. खर्च वाढला, आई व मंडळी मात्र सकाळ-संध्याकाळ वाळूंत बसल्या होत्या.

परतण्यापूर्वीं वेंगुर्ल्याचें फळ संशोधन केंद्र पाहिलें. ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या जाती तेथीलच. कलमें घेण्याचा मोह झाला, पण आपल्या चुनखडीच्या जमिनींत तीं रडतच राहतील, म्हणून आवरला.

शेजाऱ्यांची पाळी फाल्गुनांत आहे. त्या सुमारास वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांचीं पिलें वाळूंतून निघून समुद्राकडे जातात, तीं त्यांना पाहावयाचीं आहेत. त्यांच्या एका म्हशीस आमच्या हाताची संवय अद्याप लागावयाची आहे. उद्यांपासून मुलगा तिच्या धारेस बसणार आहे.