बोरघाट फोडणारे हात

आगगाडीचे नाव काढले की लहानथोरांचे कान टवकारतात. त्यातून ती कोळशाच्या इंजिनाची झुकझुक गाडी असेल तर मग विचारायलाच नको. आज रोजच्या प्रवासातून वाफेची इंजिने गेली आहेत, पण दार्जिलिंग आणि निलगिरीच्या डोंगरात ती अजून धावतात. पर्यटक जास्तीचे पैसे मोजून त्यांत बसतात, फोटो काढतात. सहलीला जायला हरकत काहीच नाही. फक्त हे रूळ कोणाच्या पैशाने आले आणि कोणाच्या खांद्यांवरून आले, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

पैसा कोणाचा, फायदा कोणाचा?

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि 'साहिब', 'सिंध', 'सुलतान' अशी तीन इंजिने. अंतर अवघे ३४ किलोमीटर. हे वर्णन शाळेच्या पुस्तकात असते. हिशोब मात्र तिथे क्वचितच सापडतो.

ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जी. आय. पी. रेल्वे कंपनीची होती. १८४९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तिच्यासाठी कायदा केला. कंपनीने भांडवल घालायचे आणि त्यावर वर्षाला ५ टक्के नफ्याची हमी सरकारने द्यायची, असा करार ठरला. रेल्वेला तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट इथल्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून भरून काढायची. जमीन फुकट मिळाली. इंजिने आणि रूळ इंग्लंडच्या कारखान्यांतून आले. विदर्भ-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात पोचावा आणि लष्कर वेळेवर हलवता यावे, हा या सगळ्यामागचा मुख्य हेतू होता.

पण कापूस घाटापलीकडे होता. मधे सह्याद्री आडवा उभा होता.

बोरघाट

कर्जतजवळ पायथ्याशी सुरू होणारी चढण लोणावळ्यापर्यंत जाते. सुमारे २५ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक वर चढते. चढ इतका तीव्र, की ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. काम १८५६ साली सुरू झाले. त्यात २५ बोगदे आणि आठ मोठे दगडी कमानपूल बांधायचे होते. बोगद्यांची एकूण लांबीच साडेतीन किलोमीटरवर भरते.

आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. छिन्नी, हातोडा, पहार आणि काळी दारू ही साधने. कड्यावरून दोराने माणसे खाली सोडायची, त्यांनी अधांतरी लोंबकळत दगडाला भोके पाडायची, दारू ठासायची आणि सुरुंग उडण्याआधी वर यायचे. फुटलेला दगड बायामाणसांनी डोक्यावरच्या पाट्यांतून वाहून न्यायचा. पाण्याची धड सोय नाही, राहायला पालाच्या झोपड्या. १८६१ च्या सुमारास या घाटात ४२,००० माणसे राबत होती. एखादे शहरच डोंगराच्या कड्यावर येऊन बसावे, असा तो देखावा असणार.

इतकी माणसे एका ठिकाणी, पाणी घाण. पटकी आली नसती तरच नवल. अपघात तर रोजचे. घाटाच्या आठ वर्षांच्या कामात सुमारे २५,००० मजूर दगावले, असा अंदाज इतिहासकार देतात. दर मैलामागे किती मढी पडली याचा हिशोब वाचकांनीच करावा.

मजुरीही वेळेवर हातात पडत नव्हती. कंपनी, मोठा कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम, अशा उतरंडीतून पैसा झिरपत खाली यायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून या घाटातले मजूर खवळून उठले आणि मोठा दंगा झाला. मुंबई परिसरातील मजुरांच्या लढ्यांचा इतिहास गिरण्यांपासून सांगितला जातो. त्याचे एक पान गिरण्यांच्या आधी बोरघाटात लिहिले गेले आहे.

त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. पुढचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने इंजिनिअरांच्या मदतीने तडीस नेले. एका बाईने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या काळात असे कंत्राट पेलले ही कौतुकाची गोष्ट आहे आणि तिचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. परंतु त्याच घाटात पाट्या वाहणाऱ्या हजारो बायांपैकी एकीचे तरी नाव तुम्ही-आम्ही ऐकले आहे काय?

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. मजुरांची आठवण लोकांनी आपल्या परीने जपली. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली, अशी कथा त्या भागात सांगतात. खोपोलीहून खंडाळ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे.

गाडीत चढलेली जात

१८५३ सालीच कार्ल मार्क्सने लिहून ठेवले होते, की रेल्वेमुळे आधुनिक उद्योग येतील आणि जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत कामाची वाटणी मोडून पडेल. काही अंशी तसे घडलेही. तिकीट काढले की तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोणीही बसू शकत होता. गावकीच्या जाचातून सुटून मुंबई, नागपूर, भुसावळला जाण्याची वाट आपल्या वाडवडिलांना याच रुळांनी दाखवली. गाव सोडता आले म्हणून शाळा मिळाली, असे घराघरात आहे.

पण स्टेशनच्या बाहेर गाव तसेच उभे होते. १९०१ साली बाबासाहेब मोठ्या भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले व मसूर स्टेशनवर उतरले. पोरे नीटनेटक्या कपड्यांत होती, म्हणून स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. महार असल्याचे कळताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान मुलांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर बैलगाडी मिळाली. रात्रभर तहानलेल्या मुलांना वाटेत पाणी मिळाले नाही. आगगाडीने मसूरपर्यंत विनातक्रार आणले होते, हे इथे ध्यानात घ्यावे.

पुढे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे कामगारांच्याच ताटातले वाढून दाखवले. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. मुकादमीसुद्धा त्याच्या वाट्याला क्वचित येते. पोर्टरची जागा त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि सवर्ण मास्तरला त्याचा स्पर्श चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार बाबासाहेबांनी याच परिषदेत मांडला.

वाफेमागचा माणूस

वाफेचे इंजिन चालते कसे? भट्टीत कोळसा जळतो, त्या उष्णतेने बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते. कोंडलेली वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दट्ट्याला जोडलेल्या दांड्या चाके फिरवतात. मुलांना झाकण थडथडणारे चहाचे भांडे दाखवले तरी तत्त्व कळते. मात्र ती भट्टी आपोआप पेटत नसे. हलत्या इंजिनात उभे राहून फायरमन फावड्याने कोळसा टाकत राही. पुढे भट्टीची धग, मागे वारा-पाऊस. ज्यांच्या घरात लोको शेडमध्ये काम केलेले कोणी आहे, त्यांना हे सांगायला नको.

ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ साली संपली. आपल्याकडे मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद मार्गावरील 'शकुंतला' गाडीला १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. कापसासाठी घातलेली ती लाईन पुढे गोरगरिबांची स्वस्त गाडी झाली.

पाहायला जायचे तर

दार्जिलिंगची रेल्वे १८८१ ची. रुळांमधले अंतर फक्त दोन फूट. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. तिथे इंजिनाच्या तोंडाशी बसून कामगार हाताने रुळांवर वाळू टाकतात, म्हणजे चढावर चाके घसरत नाहीत. निलगिरीच्या गाडीत मेट्टुपालयम ते कुन्नूर या चढणीवर दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे आणि डब्याडब्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस असतो. तिला २००५ मध्ये हा मान मिळाला. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेले 'फेअरी क्वीन' इंजिन १९९७ मध्ये दुरुस्त होऊन दिल्लीहून अलवरला पर्यटकांना घेऊन गेले. तिथे गेलात तर इंजिनाबरोबर वाळू टाकणाऱ्याचा आणि ब्रेकवाल्याचाही फोटो घ्या, दोन शब्द बोला.

इतक्या लांबचा खर्च सर्वांना झेपणारा नाही. पण मुंबई-पुणे गाडी आपल्या आवाक्यातली आहे. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, तेवढा वेळ वडापाव खाऊन होतो. गाडी सुटली की मुलांना खिडकीशी बसवा आणि बोगदे मोजायला सांगा. बोगद्याच्या तोंडाशी दगडावर छिन्नीचे घाव दिसले तर तेही दाखवा, आणि ते कोणी घातले ते त्यांना सांगा.