घाटातली गाडी

चिपळूणच्या एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये मी एकवीस दिवस गाडी शिकले. बहादूरशेख नाक्यापर्यंत जायचे, वळवून परत यायचे. परीक्षाही सपाट मैदानावर झाली. अल्हम्दुलिल्लाह, परवाना हातात आला. पण मला ज्या रस्त्याने जायचे होते तो कुंभार्ली घाटाचा. त्या घाटाबद्दल क्लासमध्ये कोणी एक शब्द बोलले नव्हते.

सासूबाईंच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. कराडला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते आणि तारीख चुकली की नजर आणखी मंदावते. माझे शौहर कुवेतला, दीर मुंबईला. भाड्याचा ड्रायव्हर लग्नसराईत मिळत नाही. अशा दोन तारखा चुकल्या. दुसऱ्या वेळेस अम्मी म्हणाल्या, "राहू दे गं, अल्लाहची मर्जी." उंट बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तरी बांधायची वेळ आली की आपण मर्जीवर सोडतो. मी मामूंकडे गेले. तीस वर्षे त्यांनी याच घाटातून ट्रक चालवला आहे.

मामूंनी पहिल्या दिवशी मला गाडीला हातच लावू दिला नाही. पोफळीच्या पुढे एका वळणावर, रस्त्यापासून चांगले लांब उभे करून अर्धा तास नुसती वाहने बघायला लावली. "बाय, एसटी बघ. वळताना तिला किती रस्ता लागतो?" जवळजवळ सगळाच. लांब गाडी आखूड वळणावर आपल्या बाजूत मावत नाही, तिचे तोंड समोरच्या बाजूला येतेच. म्हणून वळणाच्या पोटात शिरण्याआधी हॉर्न द्यायचा, काच थोडी खाली ठेवून पलीकडचा हॉर्न ऐकायचा, आणि मोठे वाहन येत असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबायचे. हे मला कोणत्याही पुस्तकाने इतके नीट समजावले नसते.

चढणीला मी घाबरत होते, पण चढण सोपी निघाली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरू लागली की पहिला टाकायचा, लाज वाटून घ्यायची नाही. अवघड एकच गोष्ट, चढावर थांबून पुन्हा निघणे. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले की थोडा ॲक्सिलरेटर देऊन हँडब्रेक सोडायचा. मामूंनी मागच्या चाकापासून थोड्या अंतरावर रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवला होता. पहिल्या दिवशी चार खोके चिरडले. अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभे राहायची सवय मात्र त्यांनी लगेच मोडली. त्याने क्लच प्लेट जळते.

खरी परीक्षा उतारावर. पहिल्यांदा उतरताना मी भीतीने ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच. निम्मा घाट उतरल्यावर करपल्याचा वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. मामूंनी आवाज न चढवता गिअर खाली टाकायला सांगितला आणि मोकळी जागा दिसताच गाडी डाव्या बाजूला घ्यायला लावली. आम्ही बराच वेळ थांबलो. चाकांपाशी हात नेला तरी आच लागत होती. ब्रेक सतत घासला की तापतो, तापला की त्याची पकड कमी होते. ब्रेक ऑईलला उकळी आली तर पेडल दाबूनही काही होत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचे. वेग इंजिनच अडवते. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, थोडा वेळ दाबून सोडून द्यायचा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे शहाणे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडथळा जातो. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते आणि स्टिअरिंग जड होते. अशा भाईजानच्या गाडीत मुलांना बसवू नका.

अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा कायदाच आहे. उतरणाऱ्याने थांबायचे. पाळणारे कमी, पण आपण पाळावा.

भगिनींना एक सुचवते. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. त्या मधल्या दिवसांत परवाना असलेले घरातले जाणते माणूस शेजारी बसवून, 'एल'ची पाटी लावून घाटाच्या पायथ्याचे सोपे चढउतार करून घ्या. "बाई माणूस घाटात?" असे मलाही मशिदीसमोरच्या दुकानातून ऐकावे लागले. उमरा करून मक्केहून ताइफला गेलेल्यांनी हदाच्या डोंगरातला नागमोडी रस्ता पाहिला असेल. जून २०१८ पासून सौदीतल्या स्त्रियाही गाडी चालवतात. दुकानातल्या मंडळींना मी हे सांगितले नाही, सासूबाईंनी सांगितले.

हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीत आहे की सहाबा चढण चढताना तकबीर म्हणत आणि उतरताना तस्बीह. अम्मी मागच्या सीटवर तेच करतात. त्यांना वळणे नीट दिसत नाहीत, पण गाडीचे नाक खाली झुकले की "सुब्हानल्लाह" सुरू होते. मी तेवढ्यात गिअर खाली टाकते.

गेल्या हिवाळ्यापासून पाच वेळा आम्ही दोघी कराडला जाऊन आलो. फजर पढून निघतो, घाटमाथ्यावर चहा घेतो आणि मगरिबच्या आत घाट उतरतो. एकदा दवाखान्यात उशीर झाला तर अंधारात न उतरता पाटणला नात्यात मुक्काम केला. पावसाळ्याचे मात्र वेगळे आहे. धुके, दरडीची माती, पानांनी गुळगुळीत झालेला रस्ता. जुलैची तारीख पडली आहे. मामू शेजारी बसायला तयार आहेत, पण त्या दिवशी पाऊस जोराचा असेल तर दवाखान्यात फोन करून तारीख दोन दिवस पुढे घेण्याचे आम्ही आधीच विचारून ठेवले आहे. दोन दिवसांनी चालेल, असे डॉक्टर म्हणाले.