हा दगड शेताला चालेल का?

जळगाव शहराला लागून पिंप्राळा आहे. या भागात विहिरीसाठी किंवा पायासाठी खणताना काळ्या मातीखाली अनेक ठिकाणी पिवळसर पांढरा थर लागतो. त्यात बोराएवढे, लिंबाएवढे ओबडधोबड खडे असतात. ही चुनखडी. सिमेंटचा प्रसार होण्यापूर्वी असेच खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करीत.

आम्लधर्मी जमीन चुन्याने सुधारते, हे तुम्ही पुस्तकात वाचले असेल. मग हे खडे कुटून शेतात टाकले तर? उत्तर देण्यापूर्वी दगडही तपासला पाहिजे आणि जमीनही.

आधी दगड पाहू. पांढरा दिसला म्हणून तो चुनखडीच असेल असे नाही. खानदेशातल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी सापडते, झिओलाइट वर्गाचे सुंदर स्फटिकही सापडतात. जळगाव परिसरातले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. पण चुना म्हणून त्यांचा उपयोग शून्य! ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दगडावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. चुनखडी असेल तर फसफसून बुडबुडे येतात. ते कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे. गारगोटी ढिम्म राहते.

फसफसला म्हणजे झाले काय? नाही. खड्यात कॅल्शियम कार्बोनेटाबरोबर माती आणि वाळूही असते. शुद्ध कार्बोनेट किती, हे शाळेच्या तराजूवर काढता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली 10 ग्रॅम चूर्ण घ्या. एका चंचुपात्रात दोन नॉर्मल तीव्रतेचे सव्वाशे मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. दोन्हींचे एकत्र वजन करा. मग चूर्ण चिमटीचिमटीने आम्लात सोडा; घाई केली तर फेस उतू जाईल आणि हिशेब चुकेल. बुडबुडे थांबल्यावर पात्र हलकेच ढवळून पुन्हा तोला. जेवढे वजन घटले तेवढा वायू उडून गेला. 100 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटातून 44 ग्रॅम वायू निघतो, म्हणजे 10 ग्रॅममधून 4.4 ग्रॅम. समजा, तुमच्या चूर्णातून 3.1 ग्रॅम गेला. तर त्यात कार्बोनेट सुमारे 70 टक्के. एक टन शुद्ध चुनखडीचे काम करायला असा दगड जवळजवळ 1.4 टन लागेल. गाडीभाड्याचा विचार केला की हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो.

दुसरी गोष्ट बारीकपणाची. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर एकूण पृष्ठफळ 60 होते. आम्ल पृष्ठभागावरच काम करते; म्हणून खडे तसेच टाकले तर ते वर्षानुवर्षे खडेच राहतील. पीठ मात्र एक-दोन हंगामांत गुण दाखवते.

आता जमीन. येथेच गंमत आहे. खानदेश आणि कोकण यांचा मूळ खडक बहुतांशी एकच, बेसाल्ट. पण जळगावला वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोकणात अडीच ते साडेतीन हजार. खडक झिजून सुटलेले कॅल्शियम खानदेशात थोड्या पाण्याबरोबर खाली उतरते आणि पाणी सुकले की कार्बोनेट होऊन तेथेच थिजते. तेच हे खडे. कोकणात ते पावसाने धुऊन समुद्राला मिळते. मागे लोह व ॲल्युमिनियम राहते आणि जांभा तयार होतो. म्हणून खानदेशच्या काळ्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ, तर कोकणात तो पाच-सहाच्या घरात. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घ्या.

तेव्हा पिंप्राळ्याची चुनखडी पिंप्राळ्याच्या शेतात घालणे म्हणजे पैसे खर्चून नुकसान विकत घेणे. चुनखडीच्या जमिनीत लोह व जस्त पिकाला मिळेनासे होते. भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिची गरज आहे ती कोकणात. तेथेही भातापेक्षा कडधान्यांना आणि भुईमुगाला अधिक, कारण खाचरात पाणी साठले की आम्लता आपोआप कमी होते. पण जळगावहून दापोली पाचशे किलोमीटरांच्या आसपास! एवढ्या लांब 30 टक्के माती वाहून न्यायची कोणी? भाजून नेली तर वजन घटते, कारण 100 ग्रॅम कार्बोनेटाचे काम 56 ग्रॅम कळीचा चुना करतो. परंतु भट्टीला इंधन लागते. कोकणाजवळ मात्र समुद्राने दिलेले शिंपले आहेतच. त्यांच्या चुन्याची परंपरा तेथे जुनी आहे.

काळ्या पाषाणाचे काय? त्यात कॅल्शियम ऑक्साइड सुमारे 10 टक्के असते, पण सिलिकेटाच्या बंधात अडकलेले. म्हणून आम्लाचा थेंब टाकला तरी तो फसफसत नाही. त्याची भुकटी आम्लता कमी करते, मात्र अगदी सावकाश. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील मक्याच्या शेतांत अशी भुकटी पसरून अलीकडे प्रयोग झाले आहेत. झिजताना ती हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड बांधून ठेवते, हे शास्त्रज्ञांचे त्यामागचे मोठे आकर्षण. खडी फोडण्याच्या यंत्राखाली साचणारी काळी भुकटी कोकणच्या घाटापासून जळगावपर्यंत सगळीकडे आहे. जांभ्याच्या जमिनीत ती किती वर्षांत गुण देते, हे तेथल्याच वाफ्यांवर मोजावे लागेल.