मैलागाळातील ज्वालारोधक रसायनांचे मोजमाप

मावळ तालुक्यातील परंदवडीसारख्या शहरालगतच्या गावांत स्वस्त खताचा शोध नेहमीच चालू असतो. सांडपाणी शुद्ध करताना तळाशी बसणाऱ्या मैलागाळात नत्र, स्फुरद व सेंद्रिय द्रव्य पुष्कळ असते. मैल्याच्या खतास आपल्याकडे सोनखत म्हणत आणि ते नाव यथार्थही होते. मात्र त्या काळी घरोघरी फोमच्या गाद्या व संगणक नव्हते.

अशा वस्तूंनी चटकन पेट घेऊ नये म्हणून त्यांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक रसायने घालण्यात येत. धुळीवाटे व कपड्यांच्या धुण्यावाटे ती गटारात उतरतात. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, गाळाच्या कणांस चिकटतात. त्यामुळे पाणी स्वच्छ होते आणि गाळ दूषित होतो. अमेरिकेतील चार राज्यांच्या मैलागाळात २००१ साली दर किलो कोरड्या गाळामागे १ मिलिग्रॅमहून अधिक रसायन आढळले. असा ५ टन कोरडा गाळ एका एकरात पसरल्यास ५ ग्रॅम रसायन जमिनीत जाते. प्रमाण क्षुल्लक दिसते. परंतु ते वर्षानुवर्षे विघटित होत नाही व दर खेपेस भर पडत जाते. पिकाची मुळे ते फारसे शोषीत नाहीत. खरा धोका भातकापणीनंतर खाचरात चरणाऱ्या जनावरांस आहे. चाऱ्याबरोबर माती पोटात जाते, रसायन चरबीत साठते व दुधात उतरते. १९७३ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात याच जातीचे एक रसायन चुकून पशुखाद्यात मिसळले गेले, तेव्हा हजारो गुरे मारून पुरावी लागली.

मोजणीचे यश नमुन्यावर अवलंबून असते. ढिगाच्या एकाच कडेचा गाळ घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या ठिकाणांचा व खोलींचा गाळ एकत्र मिसळून त्यातून नमुना काढावा. तो काचेच्या स्वच्छ बरणीत, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून, अंधारात व थंड ठेवावा, कारण प्रकाशाने काही ज्वालारोधक मोडतात. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. प्रयोगशाळेत नमुना वाळवून द्रावकाने रसायन काढतात, तांब्याच्या भुकटीने गंधक व सिलिकाने स्निग्ध द्रव्ये दूर करतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ व मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांवर नॅनोग्रॅमपर्यंत, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशापर्यंत, मोजतात. खोलीतल्या धुळीतही हीच रसायने असल्याने सोबत गाळाविना कोरी चाचणी करावी लागते. ती नसल्यास अहवालावर विश्वास ठेवू नये.

आकडा वाचताना तो ओल्या वजनाचा की कोरड्या, हे ग्रामसेवकांनी आधी विचारावे. गाळात ८० टक्के पाणी असल्यास ओल्या वजनावरील २०० म्हणजे कोरड्या वजनावरील १०००.

यांपैकी अनेक रसायनांवर भारताने २०१८ साली बंदी घातली. तरी जुन्या वस्तू घरात आहेतच. शहरी कंपोस्टासाठी खत नियंत्रण आदेशातील मर्यादा शिसे, कॅडमियम आदी जड धातूंच्या आहेत, ज्वालारोधकांच्या नाहीत. तेव्हा ‘तपासलेला गाळ’ एवढ्या शब्दावर न थांबता कोणती तपासणी झाली ते शेतकऱ्यांनी पाहावे, आणि ज्वालारोधकांचा अहवाल मिळेपर्यंत तरी तो गाळ चराऊ रानात व भाजीपाल्यात घालू नये.