प्रकार १ मधुमेह असलेल्या बालकांचे संगोपन

प्रकार १ मधुमेह असलेल्या बालकांचे संगोपन म्हणजे इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या लहान मुलांचा आहार, खेळ आणि रक्तशर्करेची तपासणी यांना दैनंदिन सवयींचे रूप देणे होय. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे इन्सुलिन बाहेरून द्यावे लागते. गोड खाण्याने किंवा पालकांच्या चुकीने हा आजार होत नाही. १९२२ साली टोरांटो येथे १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सन या मुलावर इन्सुलिनचा पहिला यशस्वी उपचार झाला. तत्पूर्वी अशी मुले निदानानंतर फार काळ जगत नसत.

आहार

मुलासाठी वेगळे पथ्याचे ताट न वाढता संपूर्ण कुटुंबाने एकच समतोल आहार घेणे हितावह मानले जाते. भात, पोळी, भाकरी, बटाटा, फळे व दूध यांतील कर्बोदकांनी रक्तशर्करा वाढते. म्हणून त्यांचे प्रमाण लक्षात घेऊन इन्सुलिनची मात्रा ठरवली जाते. सणाचा मोदक सर्वस्वी वर्ज्य नसतो. त्याचाही हिशेब धरावा लागतो. इन्सुलिन घेतल्यावर लहान मूल जेवण अर्धवट टाकते, तेव्हा पालकांची चिंता वाढते. मात्र बळजबरीने भरवल्यास जेवण हाच संघर्षाचा विषय बनतो. अशा मुलांसाठी मात्रेची वेळ व विभागणी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलता येते.

खेळ आणि आजारपण

खेळामुळे रक्तशर्करा कमी होऊ शकते. परिणामी खेळ बंद न करता आधी व नंतर तपासणी केली जाते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा खाली गेल्यास घाम, थरथर, चिडचिड किंवा गुंगी दिसते. लहान मुलांना हा त्रास शब्दांत सांगता येत नाही. शुद्धीवर असलेल्या मुलास त्वरित साखर वा ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. शिक्षकांनाही याची माहिती असणे आवश्यक असते. तापात वा उलट्यांमध्ये मूल जेवत नसले, तरी इन्सुलिन पूर्णपणे थांबवल्यास कीटोॲसिडोसिस ही प्राणघातक अवस्था उद्भवू शकते.

जबाबदारीचे हस्तांतर

तपासणीसाठी कोणते बोट द्यायचे, ही निवड अगदी लहान मूलही करू शकते. पुढे नोंद ठेवणे व कर्बोदके मोजणे ही कामे पालकांच्या देखरेखीखाली त्याच्याकडे सोपवली जातात. तपासणीतील आकडा हा परीक्षेतील गुण नव्हे. वाढलेल्या आकड्यावरून मुलास रागावल्यास ते नोंदी लपवू लागते आणि उपचारास आवश्यक असलेली माहितीच नाहीशी होते.