चोवीस माणसं, एक भोंगा

एका सिनेमात चोवीस महत्त्वाची पात्रं आणि त्यांत नायक कुणीच नाही. गोष्ट जेमतेम पाच दिवसांची, लांबी दोन तास चाळीस मिनिटं, आणि त्यातला तासाभराचा वेळ गाण्यांना दिलेला. असा प्रस्ताव ऐकून कुठलाही निर्माता हात जोडेल. रॉबर्ट ऑल्टमन या दिग्दर्शकाने १९७५ साली नेमका हाच ऐवज घेऊन ‘नॅशव्हिल’ काढला. तो आजही पाहताना एकच प्रश्न सतत पडतो: हा डोलारा कोसळत कसा नाही?

नॅशव्हिल ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी आणि कंट्री म्युझिकची पंढरी. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा तिथला रेडिओ कार्यक्रम १९२५ पासून चालू आहे. ऑल्टमनला या जगाची फारशी माहिती नव्हती. त्याने पटकथाकार जोन ट्यूक्सबरीला तिथे पाठवलं आणि दिसेल ते रोजनिशीत टिपून आणायला सांगितलं. बाई शहरात पोहोचल्या त्या थेट वाहतूक कोंडीत सापडल्या. ती कोंडी सिनेमात जशीच्या तशी आली. हायवेवर गाड्या एकमेकींवर आदळतात, रस्ता तुंबतो, माणसं खाली उतरून गप्पा मारू लागतात आणि बहुतेक पात्रांची आपली तोंडओळख तिथेच होऊन जाते.

आता त्या डोलाऱ्याचा पाया बघू. तो पाया आवाजाचा आहे.

तोवरच्या सिनेमात साधारणपणे नटांच्या डोक्यावर एका लांब दांड्याला माइक टांगलेला असे. एकाचं वाक्य संपल्यावरच दुसऱ्याने तोंड उघडायचं, नाहीतर सगळाच गोंधळ. ऑल्टमनने नटांच्या कपड्यांत छोटे बिनतारी माइक लपवले आणि प्रत्येकाचा आवाज आठ ट्रॅकच्या यंत्रावर वेगवेगळा टिपला. त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी बोलायची मुभा मिळाली. कुणाचा आवाज चढवायचा आणि कुणाचा मागे ढकलायचा, हे नंतर मिक्सिंगच्या टेबलावर ठरलं. विमानतळ, जेवणावळ, दवाखाना, कुठल्याही प्रसंगात चारपाच संभाषणं एकदम कानावर पडतात. कुणाचं ऐकायचं ते आपण निवडतो.

गाण्यांची तऱ्हाही तशीच. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या कानांना याचं जास्तच अप्रूप वाटतं, कारण इथे नट स्वतः गातात, आणि अनेकांनी आपली गाणी स्वतःच रचलेली आहेत. मैफलींच्या प्रसंगांत गाणं चित्रीकरणाच्या वेळीच, प्रत्यक्ष लोकांसमोर मुद्रित झालं. हेवन हॅमिल्टन हा ताऱ्यांतला तारा देशाच्या द्विशताब्दीचं गाणं गातो तेव्हा त्याचा डौल आणि पोकळपणा एकाच दमात ऐकू येतो.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ‘एक्झिट-इन’ हा छोटा क्लब. टॉम नावाचा देखणा गायक गिटार घेऊन एकटाच बसतो आणि सांगतो, हे गाणं इथे आलेल्या एका खास व्यक्तीसाठी. समोर चार बायका आहेत, आणि चौघींनाही वाटतं, ती व्यक्ती म्हणजे आपणच. त्यातली एक तर शेजारी नवऱ्याला घेऊन बसली आहे. कॅमेरा अगदी सावकाश मागच्या टेबलावरच्या लिनीकडे सरकतो. लिनी गॉस्पेल गाते, तिची दोन्ही मुलं बहिरी आहेत. लिनी झालेल्या लिली टॉमलिनने हा प्रसंग पापणीही न हलवता केलाय म्हटलं तरी चालेल, पण त्या चेहऱ्यावर सगळं काही वाचता येतं. पुढे लिनी त्याच्या खोलीवर जाते. ती निघण्यासाठी कपडे चढवत असताना हा पठ्ठ्या तिच्यासमोरच दुसऱ्या बाईला फोन लावतो. टॉम झालेल्या कीथ कॅराडाइननेच लिहिलेल्या ‘आय ॲम ईझी’ या गाण्याला ऑस्कर मिळालं. पाच नामांकनांपैकी पदरात पडलं ते हे एकच.

आवाज एक, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला वाटतं तो आपल्यासाठीच आहे. सिनेमातलं राजकारण याच युक्तीवर चालतं.

पहिल्याच मिनिटांत एका गॅरेजमधून भोंगे लावलेली गाडी बाहेर पडते आणि पुढे शहरभर फिरत राहते. हॅल फिलिप वॉकर हा ‘रिप्लेसमेंट पार्टी’चा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. काँग्रेसमधले वकील हाकला, चर्चवर कर लावा, राष्ट्रगीत बदला, असं तो सांगत असतो. वेडगळ वाटावं असं बोलतो आणि मध्येच पटावं असंही. मिसिसिपीचे कादंबरीकार थॉमस हॅल फिलिप्स यांनी ही भाषणं लिहिली आणि आवाजही त्यांनीच दिला. वॉकरचा चेहरा मात्र शेवटपर्यंत दिसत नाही. चेहराच नसल्यामुळे ज्याला जो हवा तो चेहरा त्या आवाजाला चिकटवता येतो.

काळही तसाच होता. मार्च १९७४ मध्ये ऑप्रीच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन जातीने आले आणि मंचावर पियानो वाजवून गेले. ऑगस्टमध्ये वॉटरगेट प्रकरणापायी त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा ‘नॅशव्हिल’चं चित्रीकरण चालू होतं.

सगळे धागे शेवटी पार्थेनॉनपाशी एकत्र येतात. अथेन्सच्या मंदिराची ही हुबेहूब, त्याच आकाराची प्रतिकृती नॅशव्हिलमध्ये १८९७ च्या प्रदर्शनासाठी उभारली गेली. मागे भलामोठा अमेरिकी झेंडा, समोर गर्दी, वॉकर काळ्या गाडीत बंद. मंचावर लाडकी गायिका बार्बरा जीन गाते आहे. गर्दीतला एक साधासा तरुण फिडलच्या पेटीतून पिस्तूल काढतो आणि उमेदवाराला सोडून तिच्यावरच गोळी झाडतो. का, ते सिनेमा सांगत नाही. गोंधळात माइक एका अनोळखी, विस्कटलेल्या मुलीच्या हाती येतो. गाणं म्हणण्याची संधी शोधत ती पाच दिवस शहरभर भटकत होती. ती ‘इट डोन्ट वरी मी’ गाऊ लागते. हळूहळू सगळी गर्दी, लहान मुलंसुद्धा, कशाचीच फिकीर नसल्याचं गाणं तिच्यासोबत म्हणू लागतात. ही सावरण्याची ताकद आहे की विसरण्याची सवय? दोन्ही उत्तरं खरी वाटतात, आणि या सिनेमाचा मोठेपणा मला त्यातच दिसतो.

नॅशव्हिलच्या संगीतवाल्यांपैकी अनेकांना आपली टिंगल झाल्यासारखं वाटलं. १९९२ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीने मात्र जतन करण्याजोग्या चित्रपटांत त्याची नोंद केली. पाहायचा असेल तर चांगले हेडफोन लावून पाहा, आणि पहिल्या खेपेला सगळं कळलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. दुसऱ्या खेपेला एकाच पात्राचा माग काढा. तीनचाकी मोटारसायकलवर हिंडणाऱ्या जेफ गोल्डब्लमपासून सुरुवात करा, चोविसांत एक शब्दही न बोलणारा तो एकटाच आहे.