विश्लेषण : किशोरवयीन मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी घर सुरक्षित कसे करावे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यातील १ हजार ७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. अभ्यासाच्या ताणाची चर्चा नेहमी होते. मात्र जीवघेण्या वस्तू मुलांच्या हाताशी राहू न देणे, हा पालकांच्या हातातला उपाय दुर्लक्षित राहतो.

वस्तू दूर ठेवल्याने काय होणार?

‘ज्याने ठरवले तो दुसरा मार्ग शोधणारच’, हा समज चुकीचा आहे. टोकाची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळापुरतीच तीव्र असते. किशोरवयात तर भांडण, निकाल किंवा अपमान यानंतर मुले आवेगात पाऊल उचलतात. त्या वेळी साधन हाताशी नसेल, तर ती वेळ टळू शकते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले.

कुलूप लावले की पुरे?

नाही. श्रीलंकेतील अनुराधापुरा जिल्ह्यात कीटकनाशके ठेवण्यासाठी घरोघरी कुलपाच्या पेट्या देण्यात आल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, केवळ पेट्यांमुळे विषप्राशनाचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. किल्ली कुठे असते, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक असेल तर कुलपाचा उपयोग मर्यादित राहतो. त्यामुळे धोकादायक वस्तू घरात न ठेवणे हाच पहिला पर्याय.

पालकांनी काय करावे?

• फवारणीची औषधे लागतील तेवढीच आणावीत, राहत्या घरात साठवू नयेत. उंदीर-ढेकणांच्या औषधांबाबतही तेच.
• मुदत संपलेल्या, उरलेल्या गोळ्या काढून टाकाव्यात. आजी-आजोबांची रोजची औषधे एका मोठ्या व्यक्तीच्या ताब्यात ठेवावीत, किल्लीही तिच्याकडेच असावी.
• मुलाचे मानसोपचार सुरू असतील, तर त्याच्या गोळ्या पालकांनीच मोजून द्याव्यात.
• घरातील प्रत्येक वस्तू हलवता येत नाही. म्हणून मूल फार अस्वस्थ असेल तेव्हा त्याला एकटे ठेवू नये.

मुलाला थेट विचारावे का?

विचारावे. ‘तुला जगणं नकोसं वाटतं का?’ असे शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकलकोंडेपणा, झोप-भूक बिघडणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्ये यांकडे ‘वयच तसं आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. उत्तर ‘हो’ आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत. आधी ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते, मराठीतही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुलाने स्वतःला इजा केली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते.